श्रीताडाखाली

पाठ भिंतीला टेकवा. डोळे मिटायलाच हवेत असं नाही. समोर एखादी कुंडी असेल तर तिच्याकडे पाहत राहा.

आज आठवायचं आहे रोबेर्तो बुर्ले मार्क्स यांना. ब्राझीलचे उद्यानरचनाकार, जन्म 1909, साओ पाउलो, मृत्यू 1994, रिओजवळ. तारखांचं एवढं पुरे.

आधी त्यांचं लहानपणचं घर डोळ्यांसमोर येऊ द्या. आई सेसिलिया पियानो वाजवते, गाते, आणि बागेत मातीत हातही तिचेच. मुलाच्या कानात सूर गेले, नखांत माती गेली, दोन्ही एकाच माणसाकडून. तुमच्या घरातही तुळशीला पाणी घालताना, भाजी निवडताना कुणीतरी गुणगुणत असेल. तो आवाज सापडतो का बघा. शब्द नाही आठवले तरी चालेल, चाल पुरे.

श्वास सावकाश सोडा.

आता 1928 चं बर्लिन. डोळ्यांच्या उपचारासाठी सगळं कुटुंब तिकडे गेलेलं. पोरगा गाणं शिकतोय, ऑपेरा ऐकतोय. आणि डालेमच्या वनस्पती उद्यानातल्या काचघरात त्याला भेटतात ती चक्क ब्राझीलची झाडं! घरी ज्यांना रानटी म्हणून कुणी बागेत घेत नव्हतं, ती इथे ऊब देऊन जपलेली. त्या काचेजवळ थोडं थांबा. वाफेने धूसर झालेली काच, पलीकडे एक रुंद हिरवं पान. (आपल्या कुंपणावरची बोगनवेल, कोकणातला काजू, दोघंही मूळचे ब्राझीलचेच. आपण त्यांना परकं म्हणणं कधी सोडलं, आठवतही नाही.)

रिओत कोपाकबानाच्या किनाऱ्यावर बुर्ले मार्क्स यांनी आखलेल्या पदपथावर काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटा आहेत. त्यांच्या संगीतप्रेमाचा दाखला म्हणून त्या हटकून दाखवतात. मला ते फार सोपं वाटतं. ती नक्षी मुळात लिस्बनची. त्यांचं गाणं मला दिसतं ते लागवडीत. दहा जातींची गर्दी करण्याऐवजी ते एकाच जातीचा मोठा पट्टा लावत. गवई षड्ज लावतो आणि तिथून हलतच नाही, तसं. मनात एक रंग धरा, समजा जांभळा. दुसरा येऊ पाहील. आत्ताच नको. जांभळ्यावरच थांबा.

1949 मध्ये त्यांनी रिओबाहेर एक जुना मळा घेतला. पुढे तिथे साडेतीन हजारांहून अधिक जातींची झाडं जमली. पाहुणे जेवायला आले की यजमान भरदार आवाजात गायला लागत. 1985 मध्ये त्यांनी तो मळा सरकारला देऊन टाकला, पण राहिले तिथेच, शेवटपर्यंत.

शेवटी रिओच्या फ्लामेंगो उद्यानात या. 1960 च्या दशकात त्यांनी इथे श्रीताड लावले. हे झाड आपल्या दक्षिणेचं आणि श्रीलंकेचं. याच्या पानांवर पोथ्या लिहीत. तीस ते ऐंशी वर्षांत ते एकदाच फुलतं, मग हळूहळू वाळून जातं. लावणारा तेव्हा पन्नाशी ओलांडलेला. हिशेब त्यांना नक्कीच येत असणार.

2025 मध्ये त्यातले काही ताड फुलले.

वर पाहा. शेंड्यावर पिवळट तुरा, त्यात लाखो बारीक फुलं. एखादं तुमच्या बाहीवर पडलंय. झटकू नका.