टिक काढलेलं फोल्डर

जानेवारीतल्या एका रात्री साडेअकराला माझ्या लॅपटॉपने कळवलं, की डिस्क जवळपास भरलीय. २५६ जीबीची डिस्क. विंडोजच्या हिशेबाने त्यातले हातात येतात २३८, कारण डिस्क विकणारे हजाराने मोजतात आणि विंडोज १०२४ने. दुसऱ्या दिवशी सकाळी डेमो होता आणि जागा नाही म्हणून बिल्ड पुरं होत नव्हतं. अशा वेळी माणूस तत्त्वज्ञान करत बसत नाही. मी क्लाउडचं सेटिंग उघडलं. फोल्डरांची यादी आली. कुठलं फोल्डर या कॉम्प्युटरवर राहू द्यायचं आणि कुठलं फक्त वर ठेवायचं, एवढंच ठरवायचं होतं.

यादीत 'गोवा २०२२' होतं, ३८ जीबी. त्याचा व्हिडिओ कधीतरी एडिट करायचाय म्हणून ते ठेवलं. (अजून केलेला नाही.) जुन्या कंपनीतल्या ट्रेनिंगची रेकॉर्डिंग्ज होती, तीही ठेवली. आणि 'घर' नावाचं फोल्डर होतं, १.८ जीबीचं. ते मी 'फक्त ऑनलाइन' केलं.

१.८ जीबीने काही होणार नव्हतं. बिल्ड शेवटी डॉकरच्या जुन्या इमेज उडवल्यावर झालं. मग 'घर' का काढलं, हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला नाही. आता विचारतोय.

या पर्यायांत एक मजा आहे. डिलीट करणं आणि टिक काढणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी. सिंक होणाऱ्या फोल्डरातली फाइल डिलीट केली, तर ती सगळीकडून जाते. शेअर्ड फोल्डर असेल तर दुसऱ्याकडूनही जाते, आणि मग फोन येतात. टिक काढली तर ती फक्त तुमच्या मशीनवरून जाते, वर असतेच. म्हणजे कुणाचं नुकसान न करता सुटका. ड्रॉपबॉक्समध्ये हे 'सिलेक्टिव्ह सिंक' बरीच वर्षं आहे, आणि त्याचा एक कडक स्वभाव मला आवडतो: टिक काढली की फोल्डर दिसतच नाही. नावसुद्धा नाही. आणि काढून टाकलेल्या फोल्डरच्याच नावाचं नवं फोल्डर तुम्ही त्याच जागी बनवलंत, तर ड्रॉपबॉक्स त्याच्या नावापुढे 'सिलेक्टिव्ह सिंक कॉन्फ्लिक्ट' असं लिहून ठेवतो. तुम्ही विसरलात तरी मशीनला आठवतं, की या नावाचं काहीतरी तुम्ही दूर केलं होतं.

२०१७च्या सुमारास दुसरी पद्धत रुळली. वनड्राइव्हचं 'फाइल्स ऑन-डिमांड' आलं, ड्रॉपबॉक्सचं 'स्मार्ट सिंक' आलं. यात फाइल मशीनवर नसते, पण तिचं नाव, आकार, तारीख, सगळं दिसतं. शेजारी छोटासा ढग. क्लिक केलं की खाली उतरते. इंजिनिअर म्हणून मला ही पद्धत सुंदर वाटायची. जागा जवळजवळ शून्य, आणि भास असा की सगळं इथेच आहे. हा भास किती महागाचा असू शकतो, ते मला जूनमध्ये कळलं.

पप्पांना दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली होती. जूनमध्ये दम लागायला लागला म्हणून ताईने त्यांना मिरजेला नेलं. मी पुण्याहून निघालो, साडेचार तासांनी पोचलो, लॅपटॉपची बॅग खांद्यावर तशीच. इकोची खोली तळघरात होती. डॉक्टर स्क्रीनकडे बघत म्हणाले, "मागचा टूडी इको आहे का? ईएफ किती होता?"

मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, कारण इथे माझा उपयोग होता. रिपोर्ट कुठे आहे ते मला नेमकं माहीत होतं: 'घर', त्यात 'पप्पा', त्यात 'रिपोर्ट'. फोनवर बघितलं तर तळघरात रेंज शून्य. लॅपटॉप उघडला. फाइल दिसत होती. टूडी इको, नोव्हेंबर, ४.२ एमबी. शेजारी ढग. क्लिक केलं, गोल फिरत राहिलं, आणि मग मशीन म्हणालं की इंटरनेट नाही.

"पंचेचाळीस होता सर, नोव्हेंबरमध्ये," ताई म्हणाली. "त्याच्या आधी पन्नास." आणि तिने मेडिकल दुकानाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढून दिला. कागदावर पंचेचाळीसच होतं.

कुणी मला काही बोललं नाही. पप्पा कुशीवर झोपलेले होते, त्यांना तर कळलंही नसेल. मी लॅपटॉप मिटला.

१९९८ साली अँडी क्लार्क आणि डेव्हिड चाल्मर्स या दोन तत्त्वज्ञांनी 'द एक्स्टेंडेड माइंड' नावाचा एक लेख लिहिला. त्यात ओटो नावाचा एक काल्पनिक माणूस आहे. त्याला अल्झायमर आहे, म्हणून तो सगळं एका वहीत लिहून ठेवतो. त्याला न्यूयॉर्कच्या म्युझियममध्ये जायचंय. तो वही उघडतो, पत्ता बघतो, ५३व्या रस्त्यावर जातो. इंगा नावाच्या दुसऱ्या बाईला तोच पत्ता डोक्यातून आठवतो. लेखाचं म्हणणं असं, की या दोघांत फार फरक मानायचं कारण नाही. ओटोची वही हा त्याच्या मनाचाच भाग आहे. इंजिनिअरिंगला असताना हे वाचलं तेव्हा मी भलताच खूश झालो होतो. आपला फोन, आपला ड्राइव्ह, सगळं म्हणजे आपणच!

पण त्यांनी अटी घातल्या होत्या, आणि त्या मी घाईत वाचल्या होत्या. वही सतत जवळ पाहिजे. त्यातली माहिती सहज हाती लागली पाहिजे. आणि बाहेर काढल्यावर माणसाने तिच्यावर लगेच विश्वास ठेवला पाहिजे. तळघरात माझं फोल्डर पहिल्या दोन अटींत नापास झालं. तिथे ताई इंगा होती. आणि मी वही घरी विसरून आलेला ओटो. त्यातही माझी वही वरून नुसतं कव्हर दाखवत होती.

म्हणून काही दिवस माझी थिअरी अशी होती, की दोष त्या ढगाच्या चिन्हात आहे. जुनी टिक प्रामाणिक होती. काढली की वस्तू नजरेआड जायची, आणि आपल्याकडे काय नाही ते आपल्याला कळायचं. आमच्या गावच्या घरात माळा होता. एखादी ट्रंक माळ्यावर टाकायची तर शिडी लावावी लागायची, दोन माणसं लागायची, आणि नंतर कुणी विचारलं की "ते ना, माळ्यावर टाकलंय" असं तोंडाने कबूल करावं लागायचं. 'फक्त ऑनलाइन' मध्ये ही कबुली नाही. वस्तू माळ्यावर असते आणि फडताळात दिसत राहते. माणसांच्या बाबतीतही आपण हेच करतो. नाव यादीत, डीपी दिसतो, वाढदिवसाला मेसेज, आणि वेळ आली की गोल फिरत राहतं.

थिअरी चांगली होती. एका मित्राला सांगितलीही. त्याचं म्हणणं, सगळंच सिंक करून टाक ना, एक टीबीची डिस्क घे, विषय संपला. त्याच्याकडे खरंच सगळं सिंक आहे. त्यातलं त्याने काय उघडलंय, हे विचारायला नको होतं, पण मी विचारलं. तो हसला. उलट बाजूही खरी आहे. कुणालाही सगळं जवळ बाळगता येत नाही, येऊही नये. पुण्यात राहणाऱ्या मुलाने रोज पप्पांची शुगर उराशी घेऊन स्टँडअप मीटिंगला बसावं, असा काही धर्म नाही. निवड करावीच लागते. निवडीवर माझा आक्षेप नव्हता. मी ती निवड आहे हे कबूल न करता केली होती, एवढाच आक्षेप होता.

मग मी ते फोल्डर उघडलं.

पप्पा अजून ॲडमिट होते. दवाखान्यासमोरच्या लॉजवर रात्री वायफाय मिळालं, आणि मी 'घर' पुन्हा पूर्ण सिंकवर टाकलं. उतरायला वीस मिनिटं लागली. तोवर नावं वाचत बसलो, तीच नावं जी जानेवारीपासून माझ्या मशीनवर दिसत होती, नेट असो वा नसो.

'बीपी १४ मार्च सकाळी १५० बघ जरा'. 'बीपी २२ मार्च'. 'नवीन गोळी लघवीची चालू केली'. 'खर्च मार्च तुझा माझा'. 'पाय सुजलेत फोटो बघ'. 'पाय परत बघ'.

दोन वर्षांपूर्वी ताई हे सगळं मला व्हॉट्सॲपवर पाठवायची. मीच तिला सांगितलं होतं, की तिथे टाकू नकोस, फोटोची क्वालिटी जाते, गर्दीत हरवतात. फोल्डरमध्ये टाक, मला लगेच दिसतं. हे माझे शब्द. तिने ऐकलं. फोल्डरला मेसेज लिहायची सोय नसते, म्हणून ती फाइलच्या नावातच लिहायला लागली. 'पाय सुजलेत' वाली फाइल एप्रिलची होती. पाय सुजणं हृदयाच्या पेशंटमध्ये काय असू शकतं, हे गूगलवर शोधायला मला दहा सेकंद लागली असती. तिने स्थानिक डॉक्टरांना दाखवलं होतं, गोळी वाढवून घेतली होती. तेही एका फाइलच्या नावात होतं.

तेव्हा थिअरी बाजूला ठेवावी लागली. ढगाचं चिन्ह मला फसवत नव्हतं. फाइल उतरवायचीही गरज नव्हती. नुसतं नाव वाचलं असतं तरी पुरलं असतं, आणि नाव माझ्या डिस्कवर होतं. जानेवारीत मी 'घर' जागेसाठी काढलं नव्हतंच. ते उघडलं की पोटात गोळा यायचा, म्हणून काढलं. 'मी ते काढलंय' असं म्हणायला कारण मिळालं, की मग उघडायलाही नको. डिस्क भरली हे निमित्त.

डॅनिअल वेग्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात एक कल्पना मांडली, ट्रान्झॅक्टिव्ह मेमरी. जवळची माणसं आठवणी वाटून घेतात. सगळ्यांनी सगळं लक्षात ठेवायचं नाही. कुणाला काय माहीत आहे, एवढं लक्षात ठेवलं की भागतं. कल्पना पटते. पण 'वाटून' या शब्दावर माझा आता विश्वास नाही. आमच्याकडे हे आधी आजीकडे होतं, मग आईकडे, आई गेल्यावर ताईकडे. गोळ्या कधी संपतात, मेडिक्लेमचा हप्ता कधी, पप्पांना कुठल्या इंजेक्शनची ॲलर्जी. कुणी बसून ठरवलेलं नाही. मला एवढंच माहीत, की ताईला माहीत आहे. आणि हे माहीत असणं मी माझा वाटा समजत होतो.

आता हप्ता आणि गोळ्यांची ऑर्डर माझ्याकडे आहे. ताईने ते सहजासहजी दिलं नाही. तू विसरशील म्हणाली. एकदा विसरलोही. ईएफ आता चाळीसला आहे, पप्पा घरी आहेत, मिठावरून रोज भांडतात.

मध्ये एकदा मला ताईची काळजी वाटली. एवढ्या फाइली, तिच्या फोनला जागा तरी आहे का? म्हटलं, "तू तुझ्या फोनवरून थोडं काढून टाक, माझ्याकडे आता सगळं आहे."

"माझ्या फोनवर काहीच नाहीये अरे," ती म्हणाली. "चढवलं की लगेच डिलीट करते. ६४ जीबीचा फोन आहे, त्यात पोराचे गेम."

परवा दुपारी फोल्डरमध्ये नवी फाइल आली. 'रक्त २० तारीख बघ'. मीटिंग चालू होती. कॅमेरा बंद करून उघडली. क्रिएटिनिन १.४. शेजारी जाड अक्षरात एक खूण. मी ताईला फोन लावला.

"१.४ म्हणजे जास्त का गं?"

"थोडं. मागच्या वेळी १.२ होतं," ती म्हणाली. "डॉक्टरांना दाखवायचंय. शुक्रवारी येतोस?"