गुडघ्यातली तिपेडी वीण

कातडी, हाडे आणि गुडघ्यातली कूर्चा या सगळ्यांना एकाच प्रकारचे कोलॅजेन बळकटी देते, अशी समजूत १९६० च्या दशकाअखेरपर्यंत होती. आज ती समजूत विज्ञानात उरलेली नाही, बाजारात मात्र टिकून आहे. गुडघेदुखीवरच्या डब्यांवर ‘कोलॅजेन’ ठळक छापलेले असते. कोणते कोलॅजेन, हे विचारायचे आपल्याला सुचत नाही. शास्त्रज्ञांना तो प्रश्न कसा सुचला, हे म्हणूनच जाणून घ्यावे.

या विचाराचा धागा बंगळूरपर्यंत जातो. तिथल्या भारतीय विज्ञान संस्थेत, म्हणजे गावाच्या बोलण्यातल्या ‘टाटा इन्स्टिट्यूट’मध्ये, गो. ना. रामचंद्रन १९४२ साली विद्युत अभियांत्रिकीसाठी आले आणि सी. व्ही. रामन यांच्या प्रभावाने भौतिकीकडे वळले. पुढे मद्रास विद्यापीठात गोपीनाथ कर्था यांच्यासह त्यांनी कोलॅजेनची रचना उलगडली. १९५४ मध्ये त्यांनी तीन साखळ्यांची कल्पना मांडली. १९५५ मध्ये त्या एकमेकींभोवती वेणीच्या पेडांसारख्या पिळलेल्या आहेत, अशी सुधारणा केली. आत जागा इतकी कमी, की प्रत्येक तिसऱ्या ठिकाणी ग्लायसिन हे सर्वांत लहान अमिनो आम्लच मावते. तपशिलांवर केंब्रिजच्या क्रिक आणि रिच यांच्याशी मतभेद झाले, पण तिपेडी रचना टिकली. १९७१ मध्ये रामचंद्रन यांनी बंगळूरच्या त्याच संस्थेत रेण्वीय जैवभौतिकीचा विभाग उभा केला.

रामचंद्रन यांनी कोलॅजेनमधले साम्य दाखवले होते. भेद दिसायला १९६९ साल उजाडले. एडवर्ड मिलर आणि व्हिक्टर मॅटुकास यांना कोंबडीच्या पिलांच्या कूर्चेत वेगळीच साखळी सापडली. हाडातल्या आणि कातडीतल्या कोलॅजेनमध्ये दोन पेड सारखे आणि एक निराळा असतो. कूर्चेत तिन्ही सारखे निघाले. पहिल्याला टाइप १ आणि दुसऱ्याला टाइप २ म्हणू लागले. आज असे २८ प्रकार ज्ञात आहेत.

गुडघ्याच्या कूर्चेतले ९० टक्क्यांहून अधिक कोलॅजेन टाइप २ चे असते. पण उरलेल्या थोडक्यांची कामे मोलाची आहेत. टाइप ११ तंतूच्या गाभ्यात राहून त्याची जाडी आवरतो. टाइप ९ तंतूच्या पृष्ठभागावर बसून जाळे सांधतो. टाइप ६ पेशीभोवती कवच धरतो. टाइप १० खाली, हाडाला टेकलेल्या कॅल्शियमयुक्त थरात आढळतो. याच गुडघ्यातल्या अर्धचंद्राकृती गादीत, मेनिस्कसमध्ये, मात्र टाइप १ चे राज्य असते, कारण तिला ताण सोसायचा असतो.

तंतूंची मांडणीही तितकीच महत्त्वाची. जर्मन शरीररचनातज्ज्ञ बेनिंगहॉफ यांनी १९२५ मध्येच दाखवले होते, की ते हाडातून उभे निघतात आणि वर येऊन कमानीसारखे वळतात. तंतूंमधले ॲग्रेकन या प्रथिनाचे रेणू पाणी ओढून फुगू पाहतात आणि हे जाळे त्यांना आवरून धरते. आपले वजन पेलले जाते ते या ओढाताणीवर.

मग काळाचा प्रश्न आला. अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या कार्बन-१४ चा माग घेत डॅनिश संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले, की प्रौढ माणसाच्या गुडघ्यातले कूर्चेचे कोलॅजेन जवळजवळ बदलतच नाही. वाढीच्या वयात विणलेले जाळेच जन्मभर पुरवायचे असते.

इथे ‘दुरुस्ती’ या कल्पनेचा अर्थच बदलतो. हाडाला बारीक छिद्रे पाडून कूर्चेतला खड्डा भरता येतो, पण तिथे येणाऱ्या ऊतीत टाइप १ बराच असतो आणि ती मूळ कूर्चेइतकी टिकत नाही. पोटात गेलेले कोलॅजेन तर पचून अमिनो आम्ले आणि छोटे तुकडे होते. विणलेले जाळे म्हणून ते गुडघ्यात पोचत नाही. बंगळूरच्या त्याच संस्थेत रचित अगरवाल यांचा गट सूक्ष्म कणांतून रॅपामायसिन हे औषध सांध्यात हळूहळू सोडण्याचा मार्ग शोधतो आहे, तो कूर्चेच्या पेशी जगवण्यासाठी. संशोधनाच्या टप्प्यावरची ही दिशा मला योग्य वाटते.

नव्या उपचाराचे नाव ऐकले, की त्यातून कोणत्या टाइपचे कोलॅजेन तयार होते आणि त्याचे तंतू कसे रचले जातात, हे विचारायला हवे. आणि जे जाळे पुन्हा विणले जात नाही, त्याची काळजी म्हातारपणी सुरू करून भागत नाही. मैदानावर दुखावलेल्या पोराच्या गुडघ्याला पुरेशी विश्रांती आणि व्यायाम मिळणे, वजन आटोक्यात ठेवणे, मांडीचे स्नायू बळकट करणे ही साधी कामे आहेत. कोलॅजेनच्या विज्ञानातून त्यांची निकड कळते.