न दिलेल्या कर्जाची नोंद

डेटा मायनिंग शिकवणाऱ्या वर्गात डायपर आणि बिअरची गोष्ट पहिल्या तासाभरातच येते. संध्याकाळी घरी परतणारा तरुण बाप बाळासाठी डायपर घ्यायला दुकानात शिरतो आणि जाता जाता स्वतःसाठी बिअर उचलतो. संगणकाने हे ओळखले, दुकानदाराने दोन्ही वस्तू शेजारी मांडल्या आणि विक्री उसळली. गोष्ट इतकी चपखल आहे की ती खरीच असावी असे वाटते. अर्धी खरी आहेही. १९९२ साली टेराडेटा कंपनीतल्या थॉमस ब्लिशॉक यांच्या चमूने ऑस्को ड्रग या अमेरिकी दुकानसाखळीच्या पंचवीस दुकानांतली सुमारे बारा लाख बिले तपासली. संध्याकाळी पाच ते सात या वेळात डायपर आणि बिअर एकत्र घेतले जातात असे त्यांना आढळले. तरुण बाप ही सांगणाऱ्यांची भर. आणि मांडणी कुणी बदललीच नाही.

दुकानाला त्याबद्दल दोष देणे कठीण आहे. करायचे काय होते? दोन्ही वस्तू शेजारी ठेवल्या तर जो गिऱ्हाईक एरवीही दोन्ही घेणारच होता त्याची चार पावले वाचली, एवढेच. मुद्दाम दोन टोकांना ठेवल्या तर वाटेत आणखी काही त्याच्या नजरेला पडेल, किंवा कंटाळून तो बिअर सोडून निघून जाईल. डायपरवर सूट देऊन बिअरची किंमत किंचित वाढवायची, हाही एक मार्ग. यातले काय चालेल ते त्या बारा लाख बिलांत कुठेच नव्हते, कारण ती सगळी बिले फळ्या जिथे होत्या तिथे असतानाची होती.

पुढच्याच वर्षी आयबीएमच्या अल्माडेन प्रयोगशाळेतल्या राकेश अग्रवाल आणि सहकाऱ्यांनी अशा जोड्या पद्धतशीर शोधण्याची रीत प्रसिद्ध केली. १९९४ मध्ये अग्रवाल आणि रामकृष्णन श्रीकांत यांचा ‘अप्रायोरी’ अल्गोरिदम आला. जोड्या शोधणे त्यानंतर स्वस्त होत गेले. त्यांचे पुढे काय करायचे, हा प्रश्न आजही तेवढाच महाग आहे.

हवामान खात्याने उद्या पाऊस पडेल असे सांगितल्याने ढगांच्या वागण्यात काही फरक पडत नाही. व्यवसायातला अंदाज असा नसतो. त्याच्यावर कुणीतरी काहीतरी करतो: फोन लावतो, कर्ज नाकारतो, घर विकत घेतो. ज्या जुन्या नोंदींवरून तो अंदाज बांधला, त्याही कुणाच्या तरी आधीच्या निर्णयांतूनच उरलेल्या असतात. डेटाचा हा जन्मदाखला न पाहता मॉडेल बांधणे ही या धंद्यातली सर्वांत महागडी सवय आहे.

मोबाईल कंपन्यांचे उदाहरण घ्यावे. कोणता ग्राहक सोडून जाणार याचे भाकीत हा त्यांच्या विश्लेषकांचा रोजचा उद्योग. धोक्यातल्या ग्राहकांची यादी निघते, ती कॉल सेंटरकडे जाते, आणि यादीतल्या प्रत्येकाला चांगला प्लॅन देऊ केला जातो. एका लॅटिन अमेरिकी कंपनीत हेच प्रयोग म्हणून करून पाहिले गेले. काही ग्राहकांना त्यांच्या वापराला साजेसा दुसरा प्लॅन सुचवला, काहींना मुद्दाम काहीच कळवले नाही. इव्हा अस्कार्झा, रघुराम अय्यंगार आणि मार्टिन श्लायकर यांनी २०१६ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांना काहीही कळवले नव्हते त्यांच्यातले ६ टक्के ग्राहक सोडून गेले. ज्यांची काळजी घेतली त्यांच्यातले १० टक्के.

झोपलेल्याला उठवून ‘नीट झोप लागली ना’ असे विचारण्याचाच हा प्रकार. आपण जास्त पैसे भरतो आहोत हे ज्याच्या ध्यानीमनी नव्हते, त्याला कंपनीनेच हिशेब मांडून दाखवला. मग तो हिशेब घेऊन तो दुसऱ्या कंपनीच्या दारात जाऊन उभा राहिला. जाणाऱ्यांची यादी आणि थांबवता येणाऱ्यांची यादी या दोन वेगळ्या याद्या आहेत. पहिलीसाठी जुना डेटा पुरतो. दुसरीसाठी काही लोकांना फोन करून आणि काहींना मुद्दाम न करून पाहावे लागते. विक्री विभागाच्या प्रमुखाला हे पटवणे बहुतेकदा मॉडेल बांधण्याहून अवघड जाते. यादी हातात असताना निम्म्या लोकांना सोडून द्यायचे, हे त्याच्या महिन्याच्या उद्दिष्टात बसत नाही.

या अडचणीतून सर्वांत धीटपणे वाट काढली ती व्हर्जिनियातल्या सिग्नेट नावाच्या एका प्रादेशिक बँकेने. १९८० च्या दशकाअखेरीस अमेरिकेत क्रेडिट कार्ड जवळपास एकाच भावाने विकले जाई. ज्याला कार्ड मिळाले त्याला सारखाच व्याजदर. ज्याच्याबद्दल शंका त्याला कार्डच नाही. रिचर्ड फेअरबँक आणि नायजेल मॉरिस या दोन सल्लागारांचे म्हणणे असे की माणसागणिक अटी वेगळ्या हव्यात, आणि मोजायला हवा तो नफा. पैसे बुडण्याची शक्यता ही त्या हिशेबातली फक्त एक बाब. वेळच्या वेळी पूर्ण बिल भरणारा सज्जन ग्राहक बँकेला फारसे काही देत नाही. थोडी बाकी पुढे ओढत, व्याज भरत, पण शेवटी सगळे फेडणारा माणूस बँक चालवतो. मोठ्या बँकांनी या कल्पनेत रस दाखवला नाही. सिग्नेटने दोघांना दार उघडले.

आत गेल्यावर लक्षात आले की हवा तो डेटा बँकेकडे नाहीच. तिच्या दप्तरात कोणाच्या नोंदी होत्या? ज्यांना जुन्या नियमांनी पात्र ठरवले त्यांच्या, आणि ज्या अटी तेव्हा दिल्या त्या अटींवरच्या. ज्याला कार्ड नाकारले तो फेडणारा निघाला असता की बुडवणारा, हे वहीत येण्याचा काही मार्गच नव्हता. चांगल्या ग्राहकाला वेगळा दर दिला असता तर तो कसा वागला असता, हेही नाही. अशा नोंदींवर कितीही हुशार गणित लावले तरी ते बँकेच्या जुन्याच आवडीनिवडी घासूनपुसून परत हाती देणार.

म्हणून त्यांनी डेटा विकत घेतला. वेगवेगळ्या अटींची कार्डे वेगवेगळ्या लोकांना चिठ्ठ्या टाकल्यासारखी देऊ केली आणि कोण काय करतो ते पाहिले. किंमत चोख मोजावी लागली. बँकेचे बुडीत प्रमाण २.९ टक्के होते, त्या व्यवसायात आदर्श म्हणावे असे. ते सहा टक्क्यांच्या जवळ गेले. तोटा एखाद्या तिमाहीपुरता नव्हता, काही वर्षे चालला. एखाद्या संचालकाने बैठकीत ‘हे काय चालले आहे?’ असे विचारले असेल तर त्याला वेडा म्हणता येणार नाही. बुडालेले प्रत्येक कर्ज एका चाचणीचे शुल्क आहे, हे मान्य करायला ताळेबंदात रकाना नसतो.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. कार्डांचा हा विभाग इतका नफ्यात गेला की १९९४ मध्ये त्याची स्वतंत्र कंपनी झाली. तिचे नाव कॅपिटल वन. आज ती अमेरिकेतल्या मोठ्या बँकांमध्ये गणली जाते.

या यशोगाथेत शिकवण शोधणाऱ्यांनी तिची काळी बाजूही पाहावी. बाकी पुढे ओढणारा ग्राहक सर्वांत फायद्याचा, हे एकदा कळले की त्याला हेरून ओढतच ठेवण्याचा मोह कार्डाच्या धंद्याला पडणारच. मॉडेलला ‘नफा’ शोधायला सांगितले होते. तो कुणाच्या खिशातून येतो हे विचारलेच नव्हते.

न दिलेल्या कर्जाची नोंद नसते ही अडचण व्हर्जिनियापुरती नाही. भारतात क्रेडिट स्कोअर ३०० ते ९०० च्या दरम्यान मोजला जातो, आणि ज्याने कधी कर्जच घेतले नाही त्याचा स्कोअर वाईट नसतो, तो नसतोच. महाराष्ट्रातल्या बचत गटांच्या बाबतीत हा पेच विशेष बोचरा होता. गटाला बँकेकडून मिळालेले कर्ज गटाच्या नावावर असते. दर महिन्याच्या बैठकीत आपला हप्ता न चुकता ठेवणाऱ्या बाईची शिस्त गटाच्या रजिस्टरमध्ये, सहीनिशी, साऱ्याजणींना दिसे. पण बँकेच्या संगणकाला ती बाई अनोळखीच. गटातल्या सदस्यांची माहिती वेगवेगळी कळवण्याची सूचना रिझर्व्ह बँकेने पुढे दिली, त्यामागे हेच कारण. गावातला वाणी ज्या बाईला डोळे झाकून उधार देतो, तिच्यापुढे प्रगत मॉडेल मुके होते; फरक अकलेचा नाही, दोघांच्या वह्या वेगळ्या.

नोंद असली तरी ती नेमकी कशाची, हा प्रश्न उरतोच. १९९० च्या दशकात पिट्सबर्गच्या संशोधकांनी न्यूमोनियाच्या रुग्णांत कोणाला रुग्णालयात ठेवावे आणि कोणाला औषध देऊन घरी पाठवावे यासाठी मॉडेले तयार केली. त्यांतल्या एकाने डेटातून एक नियम काढला: दमा असलेल्या रुग्णाला न्यूमोनियाने मरण्याचा धोका कमी. कुठल्याही डॉक्टरला हे ऐकून घाम फुटेल. पण आकडे खोटे नव्हते. दम्याचा रुग्ण आला की त्याला तातडीने दाखल करत, अनेकदा थेट अतिदक्षता विभागात. म्हणून तो वाचे. उपचाराचे श्रेय मॉडेलने दम्याला दिले. मॉडेलच्या सल्ल्याने अशा रुग्णाला घरी पाठवले असते, तर ज्या कारणाने तो वाचत होता तेच काढून घेतले गेले असते. या प्रकल्पात काम केलेल्या रिच करुआना यांनी हा किस्सा पुढे अनेकदा सांगितला. सर्वांत अचूक ठरलेले न्यूरल नेटवर्क तेव्हा बाजूला ठेवले गेले, कारण असा नियम त्याच्याही पोटात दडलेला असणार आणि तो बाहेर काढून बघायची सोय नव्हती.

२०१९ मध्ये झियाद ओबरमायर आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये याच जातीची, पण जास्त व्यापारी चूक उघड केली. अमेरिकेत कोणत्या रुग्णाला जास्तीची देखभाल लागेल हे ठरवणारे एक मॉडेल मोठ्या प्रमाणावर वापरात होते. आजारपण मोजणे कठीण म्हणून ते खर्चाचे भाकीत करत होते. पण कृष्णवर्णीय रुग्णांवर तेवढ्याच आजारासाठी कमी खर्च होत आलेला, म्हणून ते कागदावर निरोगी ठरत. अशा देखभालीसाठी आपोआप निवडल्या जाणाऱ्यांत त्यांचे प्रमाण १७.७ टक्के होते. ही तफावत दूर केली तर ते ४६.५ टक्के झाले असते. मॉडेलने खर्चाचे भाकीत बरोबरच केले होते.

अंदाजावर स्वतःचे पैसे लावले की काय होते, त्यासाठी झिलोकडे वळावे लागते. अमेरिकेतल्या घरांच्या किमतींचा अंदाज ही कंपनी २००६ पासून ‘झेस्टिमेट’ या नावाने फुकट दाखवत आली. लोकांना तो भलताच आवडला: स्वतःच्या घराची किंमत पाहायची, मग शेजाऱ्याच्या. अंदाज सुधारण्यासाठी कंपनीने दहा लाख डॉलर्सची स्पर्धाही घेतली. २०१८ मध्ये तिने पुढचे पाऊल टाकले. घरे स्वतः विकत घ्यायची, थोडी डागडुजी करायची आणि विकायची. २०२१ च्या फेब्रुवारीत तर तिने जाहीर केले की काही शहरांतल्या पात्र घरांसाठी झेस्टिमेट हाच सुरुवातीचा रोख देकार मानला जाईल.

अचूकता वाईट नव्हती. विक्रीला लागलेल्या घरांच्या बाबतीत मध्यक चूक सुमारे २ टक्के, न लागलेल्यांच्या बाबतीत सुमारे ७. या दोन आकड्यांमधले अंतर मात्र बोलके आहे. घर विक्रीला लागले की मालकाने मागितलेली किंमत कळते, आणि अंदाज तिच्या जवळ सरकतो. म्हणजे उत्तराचा मोठा भाग माणसानेच आधी सांगितलेला असतो. विक्रीला न लागलेले घर घेताना ही कुबडी नसते.

त्याहून मोठी गोची पुढे होती. समजा अंदाज कधी वर चुकतो, कधी खाली, आणि सरासरी शून्यावर येते. घरे नुसती बघायची असतील तर ठीक. पण देकार दिला की घरमालक निवड करतो. ज्याला कमी भाव मिळाला तो हसून नकार देतो. ज्याला जास्त मिळाला तो लगेच सही करतो. भिंतीतली ओल, वरच्या मजल्यावरचा त्रास, रात्री कर्कश वाजणारा रस्ता हे त्याला माहीत असते, संगणकाला नसते. चुका दोन्ही बाजूंना सारख्या, पण कंपनीच्या पदरात पडतात त्या एकाच बाजूच्या. हे काही नवे ज्ञान नव्हते. जॉर्ज अकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराबद्दल १९७० मध्ये हेच मांडले होते आणि त्या कामासाठी २००१ चे नोबेल त्यांना विभागून मिळाले. १९७१ मध्ये तेल कंपनीतल्या तीन अभियंत्यांनी समुद्रातल्या तेलपट्ट्यांच्या लिलावाबद्दल लिहिले तेही हेच: जो बोली जिंकतो तो बहुधा सर्वांत जास्त चुकलेला असतो.

२०२१ च्या तिसऱ्या तिमाहीत झिलोने नऊ हजारांहून जास्त घरे घेतली आणि जेमतेम तीन हजार विकली. नोव्हेंबरच्या २ तारखेला तिने हा उद्योग बंद करत असल्याचे सांगितले. हातातल्या घरांची किंमत ३० कोटी डॉलर्सहून जास्त रकमेने खाली आणावी लागली, आणि चौथा हिस्सा कर्मचाऱ्यांना घरी जावे लागले. घरांच्या किमती आपल्या अपेक्षेपेक्षा फारच अनिश्चित निघाल्या, असे कंपनीने कारण दिले. ते खरेही होते. करोनानंतरचा बाजार कुणालाच उमगत नव्हता. मात्र त्याच बाजारात त्याच शहरांतली घरे घेणाऱ्या ओपनडोअर आणि ऑफरपॅड या कंपन्यांनी तेव्हा गाशा गुंडाळला नाही.

झेस्टिमेट बंद झाले नाही. ते आजही दिसते, आणि लोक आजही शेजाऱ्याच्या घराची किंमत बघतात. २०२२ च्या ऑगस्टमध्ये झिलोने ओपनडोअरशी करार केला: झिलोवर आलेल्या मालकाला रोख देकार हवा असेल तर तो ओपनडोअर देईल. आकडा झिलोचा, धनादेश दुसऱ्याचा.