साथ कशाला म्हणायची?

राजूरपासून देवगाव जवळच. राघोजी भांगरे या गावचे. त्यांनी इंग्रजांविरुद्ध बंड केलं तेव्हा साथ देणं म्हणजे काय, हे डांगाणात, म्हणजे या डोंगराळ पट्ट्यात, कुणाला शिकवावं लागलं नाही. रात्री दाराशी आलेल्याला भाकर द्यायची आणि सकाळी शिपायांनी विचारलं तर तोंड उघडायचं नाही. 2 मे 1848 रोजी राघोजींना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. लढाईला निघालेल्या नेत्याच्या पाठीशी उभं राहायचं म्हणजे त्याच्यासाठी जीव पणाला लावायचा, ही समजूत आपल्यात तेव्हापासूनची, खरं तर त्याच्याही आधीची.

पण देशाला संसद आणि संविधान मिळाल्यावर एवढ्या निष्ठेने भागतं का?

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात यशवंतराव चव्हाण नेहरूंच्या बाजूने उभे राहिले, तेव्हा मराठी माणसाने त्याला लाचारी म्हटलं. मुंबईत गोळीबारात माणसं पडली होती. तो राग रास्तच होता. महाराष्ट्र 1960 मध्ये झाला, तरी तो सल पुरता गेला नाही.

मग 20 ऑक्टोबर 1962 ला चीनने हल्ला केला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावं लागलं आणि नेहरूंनी चव्हाणांना दिल्लीला बोलावलं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं जो तो म्हणू लागला. कळसूबाईच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना त्याचा अभिमान वाटणारच. मात्र चव्हाणांनी 21 नोव्हेंबरला संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली, त्याच दिवशी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. गाजवायला लढाई उरलीच नव्हती. पुढ्यात होता तो पराभव.

त्यांची खरी साथ मला इथून पुढे दिसते. पराभवाची लष्करी चौकशी झाली. 2 सप्टेंबर 1963 रोजी चव्हाणांनी तिचं सार संसदेपुढे ठेवलं: प्रशिक्षण, शस्त्रसामग्री, नेतृत्वाची साखळी, जवानांची शारीरिक क्षमता, सेनापतींचा वकूब. डोंगरी मुलखात, तिथल्या उंचीवर लढायची तयारी कमी पडली, हे त्यांनी मान्य केलं. अहवाल गुप्तच ठेवला गेला, हे मला पटत नाही. लोकांना तो वाचायला मिळायला हवा होता. तरीही ज्या पंतप्रधानांची बाजू घेतल्याबद्दल त्यांनी घरच्यांचे शिव्याशाप खाल्ले, त्यांच्याच राजवटीतल्या उणिवा त्यांनी सरकारच्या वतीने सांगितल्या, आणि पदावर राहून त्या भरून काढायला घेतल्या. फौज वाढवली, पाच वर्षांची संरक्षण योजना आखली. अशा कामाचे पोवाडे होत नाहीत.

27 मे 1964 ला नेहरू गेले. 1 सप्टेंबर 1965 ला पाकिस्तानचे रणगाडे जम्मूतल्या छांबमध्ये घुसले. पंतप्रधान आता शास्त्रीजी होते, संरक्षणमंत्री चव्हाणच. हवाई दलाची मदत मागितली गेली आणि चव्हाणांनी त्याच दुपारी विमानांना परवानगी दिली.