ऊब आणि फट

थंडी आपल्या मुलखात बिऱ्हाड करून राहत नाही. ती पाहुणी म्हणून येते. नरकचतुर्दशीच्या पहाटे उटणे लावताना अंगावर जो पहिला शहारा उठतो, तो तिचा निरोप. मग मार्गशीर्ष-पौषात केव्हातरी उत्तरेकडचे कोरडे वारे सुटतात आणि ती आठ-पंधरा दिवसांचा मुक्काम ठोकते. पाहुणीसाठी कोणी घर बांधत नाही. आपली जुनी घरे उन्हाळा आणि पाऊस डोळ्यांपुढे ठेवून बांधलेली. त्यामुळे थंडीचा कडाका आला की दरवेळी तोच प्रश्न नव्याने उभा राहतो. हे घर उबदार ठेवायचे कसे? वरवर पाहिले तर हा गोणपाटाचा आणि कोळशाचा प्रश्न आहे. पण जरा खोलात गेले की तो नीतीचा प्रश्न होऊन बसतो. दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांनी तो थोडा चघळावा, एवढ्यासाठी हा लेख.

घोडनदीकाठचे शिरूर आणि भीमेकाठचे दौंड ही दोन्ही गावे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या अंगाला वसलेली. पाऊस सह्याद्रीवरच बहुतेक सांडतो. आमच्या वाट्याला येते ते निरभ्र आभाळ. आणि हिवाळ्यात निरभ्र आभाळ म्हणजे जमिनीच्या अंगावरचे पांघरूण ओढून घेतल्यासारखे. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता मोकळ्या आभाळात सोडून देते. ढग किंवा दमट हवा असती तर तिने ती थोडीफार अडवली असती. शिवाय गार हवा जड. ती उताराने उतरून नदीकाठच्या खोलगटात साचते. म्हणून दुपारी अंगात सदरा नकोसा होतो आणि पहाटे दोन घोंगड्या पुरत नाहीत. पुण्याच्या वेधशाळेत १७ जानेवारी १९३५ रोजी पारा १.७ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे. युरोपातल्या माणसाला या आकड्याचे काही वाटणार नाही. पण त्याच्या भिंतीत शेकोटी असते, तिला धुराडे असते, खिडकीला दुहेरी काच असते. कडाका नुसत्या पाऱ्यावर मोजता येत नाही. तो ज्याच्या अंगावर पडतो त्याच्या घराची आणि पोटाची तयारीही मोजावी लागते.

आमच्याकडची जुनी घरे माळवदाची. हातभर रुंद दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यांवर काटक्या आणि पाला, आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. अशी भिंत दिवसाचे ऊन सावकाश पिते आणि रात्री सावकाश परत देते. घर धडधाकट होते तोवर हा व्यवहार चोख चालला. पुढे माळवदे गळू लागली. माती उतरवून कोठे पत्रा चढला. पत्र्याचा स्वभाव उतावळा. सूर्याबरोबर तापायचे आणि सूर्याबरोबर निवायचे. दारे वाळून आक्रसली, चौकटी भिंतीपासून सुटल्या, वाटण्या होऊन मधल्या दारांना फळ्या ठोकल्या गेल्या. आता रात्री दिवा लावून ठेवला तर ज्योत कोणत्या बाजूला झुकते यावरून वारा कोठून येतो ते कळते.

मग सुरू होते फटी बुजवण्याचे काम. भिंतीच्या भेगांत शेणमाती लिंपायची, चौकटीवर वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीने चिकटवायच्या, उंबऱ्याशी गोणपाटाची वळकटी टाकायची. बाजेवर निजणाऱ्याने वरच्या पांघरुणापेक्षा खालच्या अंथरुणाची काळजी आधी घ्यावी, कारण सुंभाच्या विणीतून थंडी खालून चढते. रिकाम्या खोल्यांची दारे लावून सगळ्यांनी एकाच खोलीत, शक्य तर चुलीच्या भिंतीला लागून निजावे. घरातल्या जुन्या बायकांना हे सगळे शास्त्र पाठ असते. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण रचणाऱ्याने ती हिशेबाच्या वहीसमोर नव्हे, तर पौषातल्या एखाद्या रात्री रचली असावी असे मला नेहमी वाटते.

यात एक गंमत आहे. गोधडी कधीच ऊब देत नाही. आईच्या आणि आजीच्या जुन्या लुगड्यांचे ते थर. त्यांच्यात स्वतःची उष्णता कोठून येणार? स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगातून सुमारे शंभर वॅटच्या दिव्याइतकी उष्णता सतत बाहेर पडत असते. गोधडी ती फक्त वाया जाऊ देत नाही. माजघरात सहा माणसे निजली तर सहा शेगड्या निजल्या! भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लेकुरवाळी भाजी खाण्याची चाल आहे, ती याच शेगड्यांत सरपण घालण्यासाठी. म्हणजे घर उबदार राहते ते माणसांमुळे. विटा, माती, कापूस हे सगळे राखणदार.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग एकत्र कुटुंबच बरे होते. तेव्हा माजघर भरलेले असे, आता चार खोल्यांत चार माणसे कुडकुडतात. या बोलण्यात तथ्य आहे, पण अर्धेच. त्या भरलेल्या माजघरात दाराजवळची जागा कोणाची असे, हेही विचारायला हवे. चुलीकडची भिंत वडीलधाऱ्यांची, मधली जागा मुलांची. आणि दाराच्या फटीशी, पायाशी वारा घेत, बहुधा नवी सून किंवा आश्रयाला आलेली एखादी विधवा आत्या. पहाटे चारला उठून, गार फरशीवर अनवाणी पावले टाकीत बंब पेटवणारीही तीच. सगळे घर ऊन पाण्याने न्हाऊन निघे तेव्हा तिची बोटे काकडलेली असत. त्या ऊबेची किंमत कोणी मोजली, ते विसरून तिच्या आठवणी काढणे मला योग्य वाटत नाही. घराची ऊब मोजायची असेल तर चुलीजवळ हात धरून मोजू नये. दाराशी कोण निजते आणि त्याच्या अंगावर काय आहे, ते पाहावे.

जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहौर याने १८५१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या लेखसंग्रहात साळिंदरांचा एक दृष्टान्त दिला आहे. थंडीच्या दिवसात साळिंदरे ऊबेसाठी जवळ आली, तर एकमेकांचे काटे टोचू लागले. दूर गेली, तर गारठली. अखेर त्यांनी काटे फार टोचणार नाहीत आणि थंडीही फार वाजणार नाही असे मधले अंतर शोधून काढले. माणसांचा शिष्टाचार म्हणजे हेच अंतर, असे तो म्हणतो. आणि ज्याच्यापाशी स्वतःची भरपूर आंतरिक ऊब आहे त्याने समाजापासून दूरच राहावे, असाही त्याचा निष्कर्ष आहे. दृष्टान्त मार्मिक आहे. पण हा गृहस्थ वडिलांच्या व्यापाराच्या पैशावर निश्चिंत जगला, हेही ध्यानात ठेवावे. स्वतःची म्हणून जी ऊब आपण मिरवतो, तिच्यात कितीजणांचे सरपण जळालेले असते! गर्भात असल्यापासून आपण उसन्या ऊबेवर वाढतो. आंतरिक ऊबेच्या बळावर एकटे राहण्याची भाषा ज्याला परवडते त्याने ती खुशाल बोलावी. दाराशी निजणाऱ्याला ती परवडत नाही.

तेव्हा एकत्र राहणे हे उत्तर पुरे पडत नाही आणि आपापले दार लावून घेणे हेही पुरे पडत नाही. मग कसे राहावे? मला वाटते, याचे उत्तर शेगडीपाशी सापडेल.

फटी बुजवण्याच्या भरात माणूस सगळ्याच फटी बुजवतो, आणि मग पेटत्या कोळशांची शेगडी खोलीत घेऊन निजतो. हिवाळ्यात वर्तमानपत्रात अधूनमधून बातमी येते, की बंद खोलीत शेगडी ठेवून निजलेले कुटुंब सकाळी उठलेच नाही. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. प्राणवायूपेक्षा तो दोनशेहून अधिक पटींनी रक्ताला चिकटून बसतो. आधी डोके जड होते, मग छान झोप येते. ऊब मिळाली असेच त्या माणसाला वाटत असते! आमच्या जुन्या माळवदांना उजेडासाठी आणि धुरासाठी वर एक भोक ठेवीत, त्याला साणे म्हणतात. कितीही गारठा पडला तरी चूल पेटलेली असताना साणे झाकू नये, हे घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक असे. दौंडला रेल्वेची वस्ती जुनी. १८७८ साली मनमाडचा फाटा सुरू झाला आणि ते जंक्शन झाले. वाफेची इंजिने होती तोवर रुळांकडेचे अर्धे जळालेले कोळसे वेचून आणून त्यांवर गरिबांच्या शेगड्या पेटत. ती शेगडी आधी अंगणात ठेवायची, धूर सरून निखारा लाल झाला की मगच आत घ्यायची, दार किलकिले ठेवायचे, आणि निजण्यापूर्वी ती पुन्हा बाहेर काढायची, हा शहाणपणाचा रिवाज.

म्हणजे फटी सारख्या नसतात. एक वाऱ्याची फट, ती बुजवावी. दुसरी श्वासाची, ती बुजवली तर ऊबच जीव घेते. आणि तिसरीही एक असते. ती मला आमच्या गावातल्या एका म्हातारबाईंनी दाखवली. जुन्या वाड्याच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहतात. मुले चांगली आहेत. त्यांनी विजेची शेगडी आणून दिली आहे, चालत्या गाडीने आमच्याकडे चला म्हणून आग्रहही करतात. मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघे-तिघे त्यांच्या खोलीच्या फटी बुजवीत होतो. शेजारच्या खोलीकडच्या फळ्यांमध्ये बोटभर फट होती. मी तिला हात घातला, तशा त्या म्हणाल्या, “ती ऱ्हाऊ द्या, गुरुजी. शेजारणीचा खोकला तिच्यातूनच कळतो मला. अन् मी खोकले तर तिला.” मी कादंबऱ्या लिहितो, पण शेजारधर्माची याहून नेमकी व्याख्या मला सुचली नसती. आम्ही त्या फटीवर घोंगडीचा तुकडा सैल टांगला. वारा अडला, खोकला अडला नाही.

अशी फट गावालाही असते. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की बीड-पाथर्डीकडच्या टोळ्या शिरूर-दौंडच्या शिवारात उतरतात. उसाच्या पाचटाच्या, बांबूच्या त्यांच्या कोप्या. त्या कोप्यांना फटी नसतात, कारण कोपी म्हणजेच सगळी फट. ऊस तोडायला ही माणसे पहाटेच्या अंधारात, दवाने भिजलेल्या पाचटात शिरतात. त्या उसाची साखर आणि गुऱ्हाळाचा गूळ संक्रांतीला आपल्या तिळगुळात येतो आणि आपल्या अंगात ऊब धरतो. गावाच्या माजघरात दाराशी निजलेले आहेत ते हे. त्यांची काही मुले हंगामापुरती शाळेत येतात. सकाळी शाळेच्या पूर्वेच्या भिंतीशी मुले कोवळ्या उन्हात पाठ लावून उभी राहतात, तेव्हा ही नवी मुले ओळीच्या शेवटी, सावलीत असतात. ऊन सगळ्यांचे असते, पण भिंत आधी आलेल्यांची. मास्तराने काय करावे? मी ओळ रोज उलटी करतो. त्याने जगातला अन्याय मिटत नाही, पण त्या दिवशीची सकाळ तरी ठीक जाते.

जानेवारीत कोणी कोप्यांवर ब्लँकेटे वाटतात. त्यांना हसू नये. थंडी टीका ऐकत नाही, तिला ब्लँकेटच कळते. मात्र गोधडीचे गणित विसरू नये. पांघरूण आतली ऊब राखते. आत भाकरी नसेल तर ते काय राखणार? म्हणून ब्लँकेट दिल्यावर मजुरीचा, धान्याचा आणि पोरांच्या निवाऱ्याचा विचारही त्याच हाताने करायला हवा.

पूर्वी रात्री चुलीतला निखारा राखेखाली झाकून ठेवीत. उघडा ठेवला तर जळून जाई, पार कोंडला तर विझे. राखेतून मात्र त्याला श्वासापुरती वाट मिळे. सकाळी ज्या घरचा विस्तव विझला असेल तिथली पोर गोवरीचा तुकडा घेऊन शेजारी येई आणि निखारा नेई. दिल्याने देणाऱ्याची चूल विझली असे कधी झाले नाही. राखणे हे क्रियापद आपल्या भाषेत सांभाळणे या अर्थी आहे, आणि ते राखेच्या इतके जवळ आहे, याचा व्याकरणाशी संबंध असो वा नसो, मला तो मनापासून पटतो.

दिवाळी सरली की वारे फिरतील. तेव्हा घराच्या फटी जरूर बुजवाव्यात. कुडकुडत बसण्यात काही पुण्य नाही. पण सुरुवात आपल्या उशाशी असलेल्या फटीपासून करू नये. दाराशी जो निजतो, त्याच्यापासून करावी.