सवलत आणि हिशेब

संगणकाचा ३४ इंची रुंद मॉनिटर सवलतीत मिळतो आहे; तो घ्यावा काय? वस्तू हलाल आहे, प्रश्न खर्चाचा आहे. चित्रफितींचे संपादन करणाऱ्याला किंवा दोन हिशेबपत्रके शेजारी मांडून काम करणाऱ्या लेखापालाला असा पडदा उपजीविकेचे साधन ठरतो. त्याने तो घेणे हा इस्राफ नव्हे. सूरह अल्-फुरकानमध्ये (२५:६७) उधळपट्टी आणि कंजूषी यांमधील मध्यम मार्गाची प्रशंसा आहे. तेव्हा गरज असूनही मन मारणे म्हणजे धर्मनिष्ठा, असे समजू नये.

परंतु सवलत किंमत घटवते, गरज निर्माण करीत नाही. तिर्मिझीतील हदीसनुसार कयामतच्या दिवशी संपत्तीविषयी विचारले जाईल : ती कोठून मिळवली आणि कशात खर्च केली? सवलतीत किती वाचवले, हा प्रश्न तेथे नाही. म्हणून आधी स्वतःला विचारावे : जाहिरात दिसण्यापूर्वी या वस्तूची उणीव भासत होती काय? कोणाचे देणे थकले आहे काय? हप्त्यांत व्याज दडले आहे काय? व्याज असेल, तर ती सवलत मुळीच स्वस्त नाही. संपत्ती ही अमानत आहे. विक्रेत्याने ठरवलेल्या मुदतीत तिचा निर्णय घेण्याचे बंधन आपल्यावर नाही.