उंदरावरून माणूस काढलास!

उभा राहा. मागच्या बाकावर खिदळायचं कारण नाही, तुमच्याही वह्या माझ्याच टेबलावर आहेत.

सेमिनारच्या पान चारवर तू लिहिलंयस, ‘स्टेम सेलमधले नॉनकोडिंग आरएनए सर्व सस्तन प्राण्यांत सारखेच असतात.’ कोणी सांगितलं तुला? प्रथिनं बरीचशी सारखी निघतात, म्हणून हेही सारखंच, असं परस्पर ठरवून टाकलंस. खाली आकृती उंदराच्या पेशीची आणि मथळा ‘मानवी भ्रूणपेशी’! उंदराच्या भ्रूणाच्या स्टेम सेल १९८१ साली वेगळ्या काढल्या, माणसाच्या १९९८ साली. मध्ये सतरा वर्षं का गेली, हा प्रश्न तुझ्या डोक्यात यायला हवा होता. उंदराच्या पेशी जगवायला लागणारी रसायनं माणसाच्या पेशींना पुरली नाहीत, हे त्याचं एक कारण. पण तू कॉपी-पेस्टच्या नादात असलास तर प्रश्न पडणार कधी?

झिस्टचं उदाहरण तूच दिलंयस, मग ते नीट तरी दे. मादीच्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एकावर हा लांबलचक आरएनए पसरतो आणि ते गुणसूत्र गप्प होतं. इथवर बरोबर. पण माणसाच्या अगदी कोवळ्या भ्रूणात झिस्ट दोन्ही एक्सवर दिसतो आणि तरीही दोन्ही बोलत राहतात. नर भ्रूणातल्या एकुलत्या एक्सवरही तो सापडला. हे २०११ साली छापून आलंय. २०१३ साली माणसाच्या स्टेम सेलमध्ये चालू एक्सवर पसरणारा आणखी एक आरएनए मिळाला, एक्झॅक्ट नावाचा. उंदरात तो नाहीच! कांगारूच्या गोतावळ्यात तर झिस्टच नाही, तिथे ते काम आरएसएक्स नावाचा भलताच आरएनए करतो. आणि तू लिहितोस, ‘सर्व सस्तन प्राण्यांत’.

आता लगेच ‘म्हणजे सगळेच वेगळे’ असं खोडून लिहू नकोस. तुझी ती खोड मला ठाऊक आहे. लेट-७ हा बावीस अक्षरांचा मायक्रोआरएनए कृमीत आणि माणसात अक्षरशः एकच आहे, आणि दोघांतही तो पेशीला पोक्त व्हायला लावतो. स्टेम सेलमध्ये लिन-२८ हे प्रथिन त्याला दाबून ठेवतं. लेट-७ चा थोरला भाऊ लिन-४ हा १९९३ साली सापडला, तेव्हा कृमीतली गंमत म्हणून लोकांनी तो बाजूला ठेवला होता. २००० साली लेट-७ माणसातही मिळाला आणि सगळे खडबडून जागे झाले. २०२४ चं नोबेल अँब्रोस आणि रव्कुन यांना मिळालं ते मायक्रोआरएनएच्या याच शोधाबद्दल.

चादरीच्या मागावर जकार्डच्या पुठ्ठ्यांची माळ फिरताना पाहिली असशील. पुठ्ठा कापडात विणला जात नाही, पण मोर उमटणार की फूल, हे तोच ठरवतो. नॉनकोडिंग आरएनए म्हणजे तसाच पुठ्ठा: त्याचं स्वतःचं प्रथिन बनत नाही, पण कुठलं बनणार यावर त्याचा हात असतो. सोलापूरच्या पोराला हे मी समजावून सांगायचं?

हा कागद घेऊन तू हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जाणार होतास, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र बघायला. तिथे स्टेम सेलवर हयात घालवलेली माणसं बसलीत. हे पान पुढे केलंस तर ती काही बोलणार नाहीत, चहा पाजून परत पाठवतील.

बस खाली. प्रत्येक आरएनएपुढे प्राण्याचं नाव, पेशीचा प्रकार आणि मूळ शोधनिबंधाचं साल लिही. जिथे लिहिता येणार नाही, ते वाक्य काढून टाक. आणि आकृती स्वतःच्या हातानं काढ. सोमवारी साडेदहाला, प्रॅक्टिकलच्या आधी.